हिशेबाच्या गावात क्षमेची माणसं

हिंजवडीत माणसाला आकड्यात मोजण्याचा एक हंगाम असतो. आर्थिक वर्ष संपत आलं की राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिन्ही फेजमध्ये चहाच्या टपरीपासून कॅन्टीनपर्यंत एकच विषय चालतो, अप्रेझल. कुणाला कोणतं रेटिंग मिळालं, कुणाचं प्रमोशन हुकलं, कोण बेंचवर बसलं, कुणाला राजीनामा टाकायला सांगितलं. मुळशी तालुक्यातलं हे गाव एका पिढीपूर्वी शेतीचं होतं. म्हातोबाची यात्रा आणि बगाड ही त्याची ओळख होती. चैत्रात बगाड आजही निघतं. पण गावाचं नाव काढलं की आता इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट डोळ्यांसमोर येतात आणि त्यांच्या काचेच्या इमारतींत राज्यभरातून आलेली तरुण मुलं-मुली वर्षभराच्या कामाचा जाब देत बसलेली दिसतात.

त्यांच्यात मराठी ख्रिस्ती घरांतली मुलंही आहेत. कुणी राहुरी-संगमनेरकडचं, कुणी श्रीरामपूरचं, कुणी जालन्याचं, कुणी वसईचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील पिंपरीच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यात फिटर आणि नात हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर, अशी तीन पिढ्यांची चढण या औद्योगिक पट्ट्यात नवलाची राहिलेली नाही. रविवारी ही मुलं पिंपरी, चिंचवड, खडकी किंवा पुणे कॅम्पातल्या चर्चमध्ये जातात. पेटी-तबल्यावर मराठी गायनं होतात. सगळी मंडळी मिळून पापांची कबुली देते आणि मग क्षमेची वचनं वाचली जातात. कॅथलिकांच्या मिस्साची सुरुवातही पश्चात्तापाच्या प्रार्थनेनेच होते.

पाच दिवस ज्यांनी 'तू काय करून दाखवलंस' हा एकच प्रश्न ऐकलेला असतो, त्यांना इथे त्याच्या नेमकं उलट ऐकायला मिळतं. आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कमावता येत नाही, ती दिली जाते. ती ज्याला मिळाली त्याने हिशेब मांडायचा नाही, आभार मानायचे.

हे ऐकायला सोपं वाटतं आणि मानायला फार अवघड जातं. येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, मजुरी एक दिनार. तो पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना शेवटची फेरी मारतो, तेव्हाही काही माणसं तिथेच उभी असतात. आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही, असं ती सांगतात. संध्याकाळी मजुरी वाटताना धनी या शेवटच्यांना आधी बोलावतो आणि त्यांनाही पूर्ण एक दिनार देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी नऊनंतर जो उभा राहिलेला असतो, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. तो आळशी होता म्हणून मागे राहिलेला नाही. म्हातारा असेल, अशक्त असेल, नवखा असेल, म्हणून त्याला कुणी गाडीत घेतलं नाही. त्याच्याही घरी संध्याकाळची चूल पेटायची असते. धन्याने त्याच्या कामाचे तास मोजले नाहीत, त्याची गरज पाहिली. ख्रिस्ती माणसाचा सगळा विश्वास या एका संध्याकाळच्या वाटपावर उभा आहे आणि त्या रांगेत आपण शेवटचे आहोत, हे ज्याला उमगलं त्याच्या आनंदाला पारावार राहत नाही.

असा आनंद मराठी मुलुखाने पाहिलेला आहे, आणि त्याची एक वाट हिंजवडीच्या शेजारूनच जाते. याच पट्ट्यात इंद्रायणीच्या काठी तुकोबांचं देहू आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणत. १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते त्यात गुंतून गेले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबा त्यांनी मागे टाकले नाहीत. अभंग, भजन, कीर्तन या मराठी भक्तीच्या रूपांतच त्यांनी आपला ख्रिस्त गायला. मराठी चर्चमध्ये आज जी गायनं म्हटली जातात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. हिंजवडीत दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणाऱ्या मुलीला रविवारी रडू फुटतं किंवा मन हलकं होतं, ते बहुतेक वेळा आजीच्या तोंडून ऐकलेल्या अशाच एखाद्या मराठी चालीवर.

पण टिळकांच्या घरातली खरी परीक्षा द्यावी लागली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना.

नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की त्यापायी सगळं घर बेजार झालेलं. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा विद्वान, उदार, पण पैशाच्या बाबतीत बेफिकीर आणि लहरी; कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. पुढे त्याने धर्म बदलला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूर-नाशिककडे राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ नगरला आल्या, तरी स्वतःचं सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं, की जातिभेद देवाने केलेले नाहीत, ते माणसांचे आहेत. त्यानंतर त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग ओढली गेलेली बायको, असं त्यांच्याबद्दल कुणाला म्हणता येणार नाही.

१९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठीतल्या थोर आत्मचरित्रांत गणली जातात. नवऱ्याचा राग त्यांनी त्यात लपवलेला नाही. भांडणं आहेत, अबोले आहेत, घरात दाणा नसताना पाहुणे आणणाऱ्या टिळकांवरचा संताप आहे. तरीही पुस्तकभर एक हसू खेळत राहतं. त्यात कडवटपणाचा मागमूस नाही. ज्या माणसाने आपल्याला एकटं टाकलं, त्याच्याविषयी इतक्या मोकळ्या मायेने लिहायचं, तर आधी त्याला मनापासून क्षमा केलेली असावी लागते. ही क्षमा सभेत जाहीर झाली नाही. ती स्वयंपाकघरात, रोजच्या पोळी-भाजीत झाली. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या महाकाव्याचं काम पुढे चालवलं. आनंदी विश्वास म्हणजे काय, हे ज्याला पाहायचं आहे त्याने 'स्मृतिचित्रे' वाचावीत. संकटं टळली म्हणून येणारा तो आनंद नाही. संकटं तशीच असताना मन मोकळं राहतं, तो हा आनंद.

क्षमेची कृतज्ञता माणसाकडून काय करवून घेते, हे पाहायला मात्र पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंडच्या वाटेवर केडगावला जावं लागतं.

पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. भावाबरोबर पायी देश तुडवत त्या कोलकात्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. पुढे लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत नवरा वारला. १८८३ साली त्या आपल्या लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या सिस्टरांनी चालवलेलं लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या, सुधारत होत्या आणि सावरल्यावर इतरांच्या सेवेलाही लागत होत्या. अशा बायकांसाठी एवढा जीव टाकावा असं या सिस्टरांना का वाटतं, हे रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा शोमरोन्यांतली ती बाई, तरी तिच्याजवळ येशू पाणी मागतो आणि तिच्याशी देवाविषयी बोलतो. रमाबाईंच्या मनाचं दार त्या गोष्टीने उघडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि रमाबाईंनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी त्यांची तगमग होती. शास्त्र येत होतं, वाद येत होता, काम अफाट चाललं होतं. १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन एव्हाना पुण्यात आलं होतं. आणि तरी आपण देवाला पुरे पडतो आहोत का, हा प्रश्न आतून पोखरत होता. ज्या दिवशी त्यांना उमगलं की क्षमा मिळवण्यासाठी काही सिद्ध करावं लागत नाही, ती झोळी पसरून घ्यायची असते, त्या दिवसापासून त्यांच्या लिहिण्यात आनंदाचा झरा लागतो. महाराष्ट्रातली त्या काळातली सगळ्यात कर्तबगार बाई, आणि तिचं समाधान कर्तबगारीतून आलेलं नाही. कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या हिंजवडीच्या तरुणाने रमाबाईंच्या चरित्रातली ही आठ वर्षं नीट वाचावीत.

आता काम करायची गरज उरली नाही, असं मात्र त्यांना वाटलं नाही. त्यांचं सगळ्यात मोठं काम नंतरच झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, वाऱ्यावर पडलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, मुक्ती सदन वसलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. मुली शेतात, मागावर, छापखान्यात काम शिकल्या. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमय सदन झालं आणि ज्यांना कुठेही थारा नव्हता अशा बायकांसाठी कृपा सदन. फुलहॅममध्ये पाहिलेलं ते घर रमाबाईंनी पुणे जिल्ह्याच्या मातीत पुन्हा बांधलं. आपल्याला जसं कुणी अट न घालता आत घेतलं, तसं आपणही दार उघडायचं, एवढाच त्यामागचा विचार होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं, आणि ते छापण्याच्या कामाला केडगावच्याच मुली लागल्या. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती लेक गमावूनही त्यांनी भाषांतर तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

आनंद झाला, कृतज्ञता झाली. धैर्याचं काय?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं एक टक्क्याहूनही कमी आहेत. इतक्या थोड्या माणसांना गप्प राहणं सोयीचं वाटतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो गप्प राहिले नाहीत. वसईत टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि हिरव्या पट्ट्यावरचं बिल्डरांचं आक्रमण यांच्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते पुढे होते. तिथे दहशत होती, धमक्या होत्या, तरी ते मागे हटले नाहीत. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं आणि बायबल सुबोध मराठीत आणलं. उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमकीचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती बरी नसतानाही ते उस्मानाबादला गेले. ज्ञानोबा-तुकोबांचं बोट धरून आणि ख्रिस्ताचा हात न सोडता त्यांनी द्वेषाविरुद्ध भाषण केलं. विरोध करणाऱ्यांविषयी त्यांनी वाईट शब्द काढला नाही. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा वसईत सर्व धर्मांची माणसं हळहळली.

याहून अवघड धैर्य इंदूरच्या परिसरात दिसलं. होळकरांच्या काळापासून मराठी माणसांची वस्ती असलेल्या या शहराजवळ, उदयनगर भागात, सिस्टर राणी मारिया आदिवासींमध्ये काम करत. आदिवासी सावकाराच्या कचाट्यातून सुटावेत म्हणून त्या झटत होत्या आणि ते काहींच्या डोळ्यांवर आलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल पुढे तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. शिक्षेत सूट मिळून तो सुटला. केरळात राणी मारियांच्या घरी जाऊन त्याने क्षमा मागितली, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आईने आपल्या लेकीच्या रक्ताने माखलेले ते हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं.

ही क्षमा दुबळ्यांची म्हणता येईल का? ओडिशातल्या मनोहरपूरला १९९९ च्या जानेवारीत नवरा आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनीही मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि पुढची काही वर्षं कुष्ठरोग्यांच्या सेवेत ओडिशातच काढली. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. क्षमा करणारा न्यायाचा रस्ता अडवत नाही. तो फक्त सुडाला आपल्या घरात राहू देत नाही.

एवढं बळ येतं कुठून? येशूच्या दुसऱ्या एका गोष्टीत याचं उत्तर आहे. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तलांत देणं होतं. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. माणसाला हजारो जन्मांतही फिटणार नाही एवढं. राजाने ते माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला. शंभर दिनारही थोडेथोडके नव्हेत, तीनएक महिन्यांची कमाई झाली. आपल्यावर झालेला अन्याय खोटा किंवा क्षुल्लक आहे, असं येशू म्हणत नाही. माफ झालेल्या सहा कोटींची आठवण ठेवून या शंभरांकडे पाहा, एवढंच तो सांगतो. सेल्मीने राखी बांधली ती या आठवणीच्या बळावर.

हिंजवडीत कुणाला हौतात्म्य पत्करायचं नाही. इथलं धैर्य लहान दिसतं, पण रोज लागतं. रिलीज बिघडला तर ज्युनिअरच्या नावावर न ढकलता मीटिंगमध्ये 'चूक माझी' म्हणणं. सहकाऱ्याने काढलेल्या उपायाचं श्रेय त्याच्याच नावावर राहू देणं. आपलं प्रमोशन ज्याने अडवलं त्याच्या घरी आजारपण आलं, की डबा घेऊन पोहोचणं. नोकरी गेली तरी आपण माणूस म्हणून कमी झालो नाही, हे स्वतःला आणि घरच्यांना ठामपणे सांगणं. ज्याची किंमत रेटिंगवर अवलंबून आहे त्याला यातलं काहीच परवडत नाही, कारण चूक कबूल करणं म्हणजे त्याच्या लेखी जगण्याचा आधारच गमावणं. ज्याला आधीच क्षमा मिळाली आहे त्याला ते परवडतं. त्याचं सगळ्यात मोठं खातं मिटलेलं असतं. म्हणून तो नीट झोपतो, मोकळा हसतो, आणि दुसऱ्याच्या चुकीची यादी खिशात घेऊन फिरत नाही.

हा विश्वास मिरवायचा नसतो, तसा लपवायचाही नसतो. आयटी पार्कच्या याच आवारात पहाटेपासून झाडू मारणाऱ्या बाया आहेत, बारा-बारा तास गेटवर उभे असलेले सुरक्षारक्षक आहेत, बांधकामावर मराठवाड्यातून आणि उत्तरेतून आलेली कुटुंबं आहेत. द्राक्षमळ्याच्या गोष्टीतली पाच वाजेपर्यंत ताटकळलेली माणसं हीच. रविवारी क्षमेचं वचन ऐकून परतणाऱ्या तरुण मंडळीने सोमवारी त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव विचारावं, त्यांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी, जमेल त्याने संध्याकाळी त्यांना शिकवायला बसावं. ज्याच्याशी अबोला आहे त्याला एक फोन करावा. समोरचा आधी माफी मागतो का, याची वाट पाहत बसू नये.

आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडून केडगावला जाऊन यावं. पंडिता रमाबाई मुक्ती मिशनचं काम तिथे आजही सुरू आहे.